आमची वाटचाल: हमी न देणारी कंपनी

आमची कंपनी लहान, ओळखीतल्या उधारीतून रक्कम पोचवणारी. तिच्याबद्दल बाहेर बरंच बोललं गेलं, आणि त्यातलं बरंचसं आमच्या प्रतिस्पर्ध्याच्या माणसांनी पसरवलेलं. म्हणून एकदा आमच्या बाजूने लिहितो.

आधी काम सांगतो. आम्ही कर्ज देत नाही, ठेवी घेत नाही. सभासद आपल्या ओळखीच्या माणसाला स्वतः मर्यादा देतो: याची माझ्याकडे 5,000 पर्यंत उधारी चालेल. तिऱ्हाइताला रक्कम पोचवायची असेल तर ती ओळखीतून ओळखीत सरकते. मधल्याचं एकीकडे येणं वाढतं, दुसरीकडे तितकंच देणं. प्रोग्रामर रायन फगर यांनी 2004 मध्ये रिपलपे ही ओळखीतल्या उधारीची ऑनलाइन व्यवस्था मांडली, ती याच तत्त्वावर.

वाट शोधणारा प्रोग्राम आम्ही घरीच लिहिला. मुळाशी फोर्ड आणि फुल्करसन या गणितज्ञांची 1956 ची रीत आहे, जाळ्यातून जास्तीत जास्त किती पाठवता येईल हे काढणारी. 3,000 एका वाटेने जात नसतील तर 1,800 इकडून, 1,200 तिकडून. दोन ओळखीच्या सभासदांमधली उधारी म्हणजे एक कडी. आधी वाटेतल्या सगळ्या कड्यांवर रक्कम राखून ठेवायची, शेवटच्या कडीचा होकार आला की सगळीकडे एकदम नोंद. एक कडी अडली तरी सगळं मोकळं. अर्धवट नोंद आमच्या खात्यांत कधीच राहिली नाही, आणि याचा आम्हाला अभिमान आहे.

मग प्रतिस्पर्धी आला. त्याची जाहिरात एका ओळीची: बुडीत आम्ही भरून देऊ. खातं उघडताच प्रत्येकाला ठरावीक मर्यादा, ओळख असो वा नसो. आमचे सभासद भराभर तिकडे गेले. त्याच सुमाराला आमच्याकडे एका घाऊक व्यापाऱ्याच्या बाजूला सगळं तुंबलं होतं. सगळे त्यांच्याकडून माल घेत, ते आतल्या कोणाकडून काहीच घेत नसत. त्यांनी दिलेल्या मर्यादा भरल्या, व्यवहार अडू लागले. प्रतिस्पर्ध्याने 'यांची यंत्रणा बंद पडली' अशी आवई उठवली. लोक घाबरून एकमेकांच्या मर्यादा कापू लागले, आणि एकाने कापली की त्याच्यामागच्या वाटाही बंद होतात.

खोक्यांच्या कारखानदार ताई आमच्या पहिल्या ग्राहक. त्यांनी एकही मर्यादा कमी केली नाही. उलट आमच्यासमोर बसून स्क्रीनवरचा 'उरलेली', म्हणजे उरलेल्या मर्यादेचा, रकाना वरून खालपर्यंत वाचला आणि जिथे शून्य होतं तिथल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांची मर्यादा वाढवली. 'ही माणसं मी ओळखते,' एवढंच म्हणाल्या. पुढचे महिने आम्ही प्रोग्रामला हात न लावता दलालीच केली. व्यापाऱ्याला वाहतूक, छपाई, हिशेबनिशी, जे जे लागतं ते सभासदांकडूनच मिळवून दिलं. खोकी अर्थातच ताईंची. शिल्लक उलट्या बाजूला वळली, वाटा मोकळ्या झाल्या. हा धंदा नव्याने करणाऱ्यांनी पगारावर पहिला माणूस असा ठेवावा, ज्याला कोणाला काय विकत लागतं हे पाठ आहे.

त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली.

प्रतिस्पर्ध्याकडे मात्र खोट्या खात्यांचा सुळसुळाट झाला. आमच्याकडे कोणी शंभर खोटी खाती काढून आपापसांत कितीही मर्यादा वाटल्या, तरी खऱ्या माणसांनी दिल्यापेक्षा छदामही जास्त बाहेर काढता येत नाही. बुडालं तर ज्याने मर्यादा दिली त्याचंच, आणि तेवढंच. तिकडे प्रत्येक नव्या खात्याला मर्यादा फुकट, आणि भरपाई एकट्या मालकाने करायची. त्यांनी गाशा गुंडाळला. बोल मात्र आम्हालाही लागला, 'सगळे सारखेच' म्हणून. ते अजून सलतं.

त्यांचे जुने सभासद आजही येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, तुम्ही हमी किती देता? आम्ही सांगतो, देत नाही. तुमच्या ओळखीतले चार जण घेऊन या. बरेच जण तिथूनच परत जातात.