आर की डी: एका फ्लोटचं खोल टोक

परवा समुद्राची मापं दाखवणाऱ्या ओडीव्ही या सॉफ्टवेअरमध्ये एक जुनं कलेक्शन उघडलं, तर नकाशावर मोजून अकरा ठिपके. दोनशेच्या वर प्रोफाइल्स मी स्वतः त्यात भरल्या होत्या. पोटात गोळाच आला. मग खालच्या पट्टीकडे लक्ष गेलं. एकूण स्टेशनांचा आकडा शाबूत होता, निवडलेल्यांचा तेवढा घसरला होता. मागच्या खेपेला लावलेला जानेवारीचा फिल्टर व्ह्यूबरोबर, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीबरोबर, जतन झाला होता, आणि कलेक्शन उघडताच तोच व्ह्यू परत लागला. फिल्टर सैल केला आणि सगळे ठिपके जागेवर आले. तेव्हापासून नवं काही सुरू करण्याआधी ते दोन आकडे बघायचेच, असं ठरवून टाकलंय.

ज्यांनी ओडीव्ही वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ओशन डेटा व्ह्यू हे जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेत रायनर श्लिट्झर यांनी घडवलेलं सॉफ्टवेअर. संशोधनासाठी आणि शिकवण्यासाठी ते फुकट मिळतं. समुद्रात एका जागी वरपासून खालपर्यंत घेतलेली मापं म्हणजे एक प्रोफाइल, ओडीव्हीच्या भाषेत एक स्टेशन, अशी अनेक स्टेशनं मिळून एक कलेक्शन. इतकं कळलं की कामाला लागता येतं.

माझं काम बहुतेक आर्गो फ्लोटांचं. हा फ्लोट म्हणजे समुद्रात सोडलेलं स्वयंचलित मापयंत्र. तो १००० मीटरवर वाहत राहतो, साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येता येता दाब, तापमान, क्षारता मोजतो. वर आला की उपग्रहाकडे माहिती पाठवून पुन्हा खाली. फाइल्स कुणालाही उतरवून घेता येतात. फाइलच्या नावात फ्लोटचा क्रमांक, मग फेरीचा क्रमांक, आणि या सगळ्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, एक अक्षर: आर किंवा डी. आर म्हणजे समुद्रातून आली तशी, फक्त यांत्रिक चाळणीतून गेलेली. डी म्हणजे जाणकाराने आजूबाजूच्या मापांशी ताडून, गरज असेल तिथे दुरुस्त केलेली. डी व्हायला बऱ्याचदा वर्षभर लागतं. म्हणून फक्त डी घ्यायचं ठरवलं की अलीकडचा काळ हातचा जातो.

या अक्षराचं महत्त्व मला एका फ्लोटने शिकवलं. स्पेनजवळच्या काडिझच्या आखाताच्या पश्चिमेला, अटलांटिकमध्ये तो फिरत होता. जिब्राल्टरमधून बाहेर पडणारं भूमध्य समुद्राचं खारट, जड पाणी तिथे उताराने खाली जातं आणि साधारण १००० मीटरच्या आसपास पसरतं. मला तोच थर बघायचा होता. सगळ्या फेऱ्या एकत्र असलेली, नेटसीडीएफ या स्वरूपातली फाइल मी ओडीव्हीत थेट उघडली. परिमाणं विचारली तेव्हा प्रोफाइल आणि पातळी ही दोन निवडली, मुख्य व्हेरिएबल म्हणून दाब. उघडली की! आनंदाच्या भरात यादीतलं पीसॅल, म्हणजे क्षारता, उचललं आणि आडव्या अक्षावर ठेवलं, उभ्यावर तापमान.

तापमान-क्षारतेच्या या आलेखात खोल पाण्याचे बिंदू एका बारीक रेषेत यायला हवेत. माझ्याकडे तिथे पंखा उघडला होता. पहिल्या वर्षाच्या प्रोफाइल्स डावीकडे, नंतरची प्रत्येक थोडी थोडी उजवीकडे. शेवटची आणि पहिली यांत क्षारतेचा फरक ०.०८ च्या घरात, तापमान मात्र होतं तिथेच. खोल पाणी खारट होत चाललंय म्हणून मी दोन दिवस टिपणं काढत बसले. मॅडमनी पडद्याकडे बघून एवढंच विचारलं, ‘‘दोन हजार मीटरवरचं पाणी असं तीन वर्षांत बदलतं का गं?’’

बदलत नाही. बदलला होता सेन्सर. क्षारता वाहकतेवरून काढतात, आणि वाहकता मोजणारी नळी वर्षानुवर्षं पाण्यात राहून सरकते. दुरुस्तीनंतर आर्गोचं उद्दिष्ट ०.०१ चं असतं, म्हणजे माझी ‘बातमी’ त्याच्या आठपट होती. दुरुस्त आकड्यांसाठी वेगळी जागा त्याच यादीत, चार ओळी खाली, पीसॅल ॲडजस्टेड या नावाने होती. आकडा कुठल्या नावाखाली बसलाय ते आधी वाचायला हवं होतं.

या धक्क्यानंतर मी उलट टोकाला गेले, तेही सांगायला हवं. सॅम्पल फिल्टरमध्ये क्षारतेची कमाल मर्यादा ३६ लावली, त्यावरचं सगळं बाद. दुसऱ्या एका फ्लोटच्या तीन प्रोफाइल्सचा मधला तुकडाच गायब झाला. मर्यादा काढून बघितलं तर १००० मीटरच्या आसपास चांगला ठसठशीत फुगवटा होता, क्षारता वाढलेली आणि तिच्याबरोबर तापमानही वाढलेलं. खोल टोक मात्र शेजारच्या प्रोफाइल्सवर अगदी बरोबर बसत होतं. सरकलेला सेन्सर सगळी रेघच ढकलतो, तो मधेच फुगून परत जागेवर येत नाही. ती होती मेडी, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पाण्याचा पन्नास-शंभर किलोमीटर रुंदीचा, गरगर फिरणारा भोवरा. फ्लोट त्यातून गेला होता, आणि मी ते मोजमाप कचरा म्हणून फेकणार होते! त्या संध्याकाळी बाणाच्या कळीने एकेका स्टेशनवर जाऊन ते तीन फुगवटे कितीदा पाहिले असतील, गणती नाही.

आता मी आर्गोच्या फाइल्स आयातीच्या मेनूतून आणते. भाग निवडताना रेखांश दोनदा तपासते, कारण कुणाकडे पश्चिमेचे उणे १० असतात, कुणाकडे तेच ३५०. स्टेशन फिल्टरमधला उपलब्धतेचा भाग वापरते, म्हणजे तापमान आणि क्षारता दोन्ही असलेलीच स्टेशनं समोर येतात. वर्ल्ड ओशन डेटाबेसमधून काही घ्यायचं तर उपकरण कुठलं ते आधी. एक्सबीटी, म्हणजे जहाजावरून पाण्यात टाकलेलं एकदाच वापरायचं उपकरण, फक्त तापमान मोजतं, आणि त्याची खोली पडायला लागलेल्या वेळावरून हिशेबाने काढलेली असते. वाहकता, तापमान आणि दाब प्रत्यक्ष मोजणाऱ्या सीटीडीच्या शेजारी ती न बघता ठेवणं मला पटत नाही. आकड्यांना मिळालेल्या दर्जाच्या शिक्क्यांचा फिल्टर लावते, पण आकड्यांची मर्यादा सगळ्यात शेवटी, आणि तीही आलेख डोळ्यांनी पाहिल्यावर.

त्या पहिल्या फ्लोटच्या डी फाइल्स अखेर मागच्या महिन्यात आल्या. उघडल्या, दुरुस्त क्षारता अक्षावर ठेवली, आणि पंखा मिटून रेघ झाली. शेवटच्या सतरा प्रोफाइल्स त्या रेघेत नाहीत. सेन्सर इतका सरकला होता की त्यांच्या क्षारतेला ४ चा, म्हणजे खराबचा शिक्का आहे आणि दुरुस्त आकड्याची जागा रिकामी. तापमानाला मात्र १ आहे, चांगला. उपलब्धतेच्या फिल्टरमध्ये त्या आपोआप गळतात, म्हणून तापमानाच्या छेदासाठी, म्हणजे मार्गावरच्या उभ्या चित्रासाठी, मी वेगळा व्ह्यू केला आणि त्यात क्षारतेची अट काढून टाकली. तिथे त्या सतराही आहेत, अगदी शेवटच्या फेरीपर्यंत.