आधी मुकुट बघा, मग घासा

आज चोर बाजारात जुनी पितळी बटणं चाळली. मंडळी, ब्रासो पॉलिशची घाई नको! मुलामा जातो, नक्षीचे काठ बोथट होतात; कोरडा मऊ ब्रश पुरे. टॉर्च आडवा धरला की उठाव दिसतो. बटणावरच्या ब्रिटिश राजमुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल असतील तर बटण बहुधा १९०१ ते १९५२ मधलं. अशोकस्तंभाचे सिंह असले तर स्वातंत्र्यानंतरचं.

बटणावर प्राणी असून त्याखाली पिळलेल्या दोरासारखी आडवी पट्टी दिसली, तर ते बहुतेक एखाद्या इंग्रज घराण्याचं चिन्ह, नोकरांच्या गणवेशावरचं. पण तेवढ्यावरून आडनाव ठरवू नका. एकच चिन्ह अनेक घराणी वापरायची. खाली ब्रीदवाक्य असेल तर शोध बराच सोपा होतो. मागे ‘फर्मिन, लंडन’ असलं तर ते बनवणाऱ्याचं नाव, मालकाचं नव्हे.