वन्स मोअर कशाला?

सिंधूचं पद संपलं न संपलं तोवर मागनं कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

काल बेळगावात 'एकच प्याला' बघत होतो. माहेरची माणसं चल म्हणतायत, घरात दारुडा नवरा सुधाकर, आणि ही त्याचे पाय सोडणार नाही म्हणून गातेय. पेटीवाल्यानं परत सूर धरला, तिनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शेजारच्या मावशी पुटपुटल्या, "एकदा सोसलंय ते बास झालं की, परत कशाला लावलाय तिला?"

आवाज मात्र काय लावला होता बाईनं! टाळ्या मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू. खरं शेवटी पोर जातं, ती जाते, सुधाकर दारूत विष घालून पितो, तेव्हा पोटात कसंतरीच झालं आणि रागही आला, तिचा का नाटक लिहिणाऱ्या गडकऱ्यांचा कुणास ठाऊक. ते तर १९१९ ला हे नाटक स्टेजवर यायच्या आधीच गेले, जाब कुणाला विचारणार? मग बालगंधर्वांनी सिंधू केली आणि लोक रडत रडत फिदा झाले.

सोसणं सुरात असलं की आपल्याला गोडच लागतंय बहुतेक. नाटकातल्या दारुड्या तळीरामाला तर थेटरभर हशा!

सिंधू माहेरी गेली असती तर नाटक पडलं असतं काय हो?