झेंड्याचा खांब, २७ हात आणि आमचं नववीचं वर्ष

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर आला तेव्हा बाकीच्यांनी गॅदरिंग, सहल, खो-खोची टीम असं सगळं पटापट वाटून घेतलं, मी म्हटलं मला गणित द्या. गणित म्हणजे आमचं नववीचं वर्ष, २०१४-१५. त्या एका वर्षात आपल्या शाळेच्या गणित विभागाने जे केलं ते मी पुढे कुठल्याच कॉलेजात बघितलं नाही, आणि ते कुठेतरी लिहिलेलं राहावं असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

निमित्त होतं लीलावती हा गणिताचा ग्रंथ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचं. जन्म १११४ चा, म्हणजे २०१४ ला बरोबर ९०० वर्षं. आता हे निमित्त महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेला होतं पण आपल्याला जास्त होतं, कारण चाळीसगावच्या पोरांना पाटणादेवी म्हणजे नवरात्रातली जत्रा, धबधबा आणि डबा पार्टी एवढंच माहीत, आणि तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची अख्खी वंशावळ आहे हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. गणिताच्या सरांनी जूनमध्येच सांगितलं की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवांच्या दरबारात सिंघण राजाचा ज्योतिषी होता आणि त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला होता. शके ११२८ चा लेख, आणि शेवटच्या काही ओळी चक्क जुन्या मराठीत. भाऊ दाजी लाडांनी तो शोधून काढला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात गणिताची शाळा होती! आणि आपण तिथून पंचवीस किलोमीटरच्या आत बसून सामान्य गणित (तेव्हा असलेला सोपा पर्याय) घ्यायचं का बीजगणित-भूमिती यावर रडतोय. (भास्कराचार्य स्वतः आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगतात, ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हे पण सरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, नाहीतर आम्ही गावभर भास्कराचार्य आपल्याच गावचे म्हणून सांगत सुटलो असतो.)

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय तो जुलैमधला एक ऑफ तास. पाऊस थांबलेला, मैदान ओलं, आणि सर आम्हाला बाहेर घेऊन गेले, हातात सुतळीचं बंडल. लीलावतीतलं मोर आणि सापाचं गणित आहे, एक नऊ हात उंच खांब, त्याच्या बुडाशी सापाचं बीळ, वर मोर बसलाय, साप खांबापासून २७ हातांवर आहे आणि बिळाकडे येतोय. मोराने तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर पकडेल? वर्गात हे फळ्यावर झालं असतं तर पायथागोरस लावून पाच मिनिटांत संपलं असतं आणि विसरलो पण असतो. सरांनी झेंड्याच्या खांबावर नऊ हातांवर खडूची खूण करायला लावली, हात म्हणजे कोणाचा हात यावरच आमची दहा मिनिटं भांडणं, शेवटी वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाचं कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचं माप घेतलं आणि त्याची एक काठी तोडली. २७ काठ्यांवर एक मुलगी साप म्हणून उभी. सुतळीचं एक टोक खांबावरच्या खुणेला बांधलेलं. आता साप एकेक काठी पुढे सरकणार आणि दर वेळी आम्ही खुणेपासून तिच्या पायापर्यंत सुतळी ताणून बघणार की ती जेवढी चालली तेवढीच भरते का. सुरुवातीला सुतळी फारच लांब भरायची, मग फरक कमी कमी होत गेला, आणि ती पंधरा काठ्या चालून आली तेव्हा सुतळी पण पंधराच काठ्या भरली. खांबापासून उरल्या बारा. सगळ्यांनी एकदम ओरडा केला, मुख्याध्यापक बाहेर आले बघायला काय झालं ते. मग सरांनी शांतपणे विचारलं, खांब आणि सुतळीमध्ये कुठला त्रिकोण दिसतोय? नऊ, बारा, पंधरा. मागे बसणारा एक मुलगा, ज्याला मी वर्गात कधी बोलताना ऐकलं नव्हतं, तो म्हणाला सर हे तर तीन चार पाचच आहे, तिप्पट केलेलं. त्याचे वडील गवंडी होते, पायाची आखणी करताना काटकोन काढायला ते दोरीने तीन-चार-पाच घेतात हे त्याने घरी बघितलेलं. सरांनी त्यालाच पुढे बोलावून सगळ्यांना समजवायला लावलं. पुढे वर्षभर गणित मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तो पुढे असायचा.

गणित मंडळ म्हणजे दर शनिवारी शेवटचा तास, पाचवी ते नववी कोणीही या. भित्तिपत्रक महिन्याला एक. त्यात संस्कृतच्या बाई पण ओढल्या गेल्या, कारण लीलावतीत आकडे शब्दांत लपवलेले असतात. परिघाचा श्लोक बाईंनी फोडून दाखवला: भनन्दाग्नि, भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३, आणि आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे की ३९२७. खबाणसूर्य म्हणजे आकाश ०, बाण ५, सूर्य १२, झाले १२५०. ३९२७ भागिले १२५० करा, ३.१४१६, म्हणजे पायची (π) किंमत. आणि त्याच श्लोकात पुढे, रोजच्या वापराला २२ भागिले ७ चालेल असंही सांगून टाकलंय. आमच्या पुस्तकातलं २२/७ तिथे बघून मला अंगावर काटा आला होता, खरंच.

मग २२ डिसेंबरला रामानुजन जयंती, राष्ट्रीय गणित दिवस, ती दरवर्षीसारखीच झाली, हार, भाषणं. पण १७ जानेवारीला कापरेकरांचा वाढदिवस केला तो मात्र भारी होता. द. रा. कापरेकर, जन्म डहाणूचा १९०५ चा, आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर, आणि नाव जगभर. सरांना हे सांगताना भरून आलं होतं, आज कळतं का ते. त्यांनी शोधलेली आकड्यांची गंमत करून बघायची होती, नवीन साल होतं म्हणून फळ्यावर २०१५ च घेतलं. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. ५२१० वजा ०१२५, ५०८५. मग ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या वेळी ६१७४. पुढे कितीही करा ६१७४ च. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. पाचवीची पोरं घरी जाऊन आईचा मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, जे दिसेल त्याचे चार आकडे घेऊन बसली होती, सोमवारी वह्या भरून आणल्या.

१४ मार्चला शनिवारच होता, सकाळची शाळा. अमेरिकन पद्धतीने तारीख लिहिली की ३/१४/१५, आणि वेळ ९:२६, म्हणजे ३.१४१५९२६. शंभर वर्षांतून एकदा येणारी वेळ. दहावीच्या बोर्डाला वर्ग दिलेले म्हणून आम्ही मागच्या लिंबाखाली, आवाज न करता, घरून आणलेली परात, तवा, डब्यांची झाकणं, सायकलचं चाक यांचा घेर आणि व्यास दोऱ्याने मोजून भागाकार करत होतो. कोणाचं ३.१ आलं कोणाचं ३.२, पण सायकलच्या चाकाचं सगळ्यात बरोबर आलं. मोठं वर्तुळ घेतलं की मोजण्यातली चूक त्या मानाने छोटी होते, हे बाईंनी तिथेच समजावलं.

रिझल्टचं पण सांगते. गणित संबोध आणि प्रावीण्य परीक्षांना त्या वर्षी शाळेतून आधीपेक्षा बरीच जास्त मुलं बसली, सातवीच्या स्कॉलरशिपला चांगली नावं आली, ते सगळं अहवालात आहेच. अहवालात नाही ते असं की पुढच्या वर्षी दहावीला आमच्या तुकडीतल्या ज्या मुलींनी सामान्य गणित घ्यायचं घरी ठरवून टाकलं होतं त्यातल्या बऱ्याच जणींनी ते घेतलं नाही. त्यातली एक मी. आज मी पुण्यात साइट इंजिनिअर आहे, टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र) वापरते, आणि तरीही मिस्त्री दोरी धरून तीन-चार-पाच घेतो तेव्हा दुसरं टोक मीच धरते.

सुवर्ण महोत्सवाच्या समितीला एकच सांगायचंय. गणित मंडळाच्या त्या वर्षीच्या वह्या आणि भित्तिपत्रकं प्रयोगशाळेच्या कपाटात असायची. असतील तर प्रदर्शनात मांडा, आणि जमलं तर त्या दिवशी मैदानावर मोर-सापाचं गणित आत्ताच्या पाचवी-सहावीच्या पोरांकडून करून घ्या. सुतळी आणि काठी मी घेऊन येते, सरांना आणायची जबाबदारी आमच्या बॅचची.