आरपी सर्व्हरमधली मजुरी: रोज किती, कापूस किती, ट्रॅक्टर किती

विदर्भातल्या गावाचं वातावरण धरून रोलप्ले (आरपी) सर्व्हर, म्हणजे जीटीए गेममध्ये प्रत्येकानं एक पात्र होऊन जगायचं ऑनलाईन गाव, उभा करायचा म्हटलं की पोरं मॅपवर, लालपरीच्या मॉडेलवर आणि पोलिसांच्या वर्दीवर महिने घालवतात. पगाराचे आकडे मात्र सर्व्हर सुरू करायच्या आदल्या रात्री अंदाजपंचे टाकले जातात, आणि पुढे सर्व्हर बसतो तो त्याच आकड्यांनी. आधी सगळे शेतमजूर असतात. थोड्याच दिवसांत प्रत्येकाच्या दारात स्पोर्ट्स कार उभी राहते. मग निंदणाला माणूस मिळत नाही, पोलिसात कोणी यायला तयार नसतं, आणि ज्यांना खरंच रोलप्ले करायचा होता ते सोडून जातात.

रुपयाचा आकडा खरा असलाच पाहिजे असं नाही, पण प्रमाण खरं पाहिजे. एका दिवसाच्या रोजात किती दिवसांचं जेवण येतं, मजूर आणि शिपाई यांच्या कमाईत फरक किती, एक क्विंटल कापूस वेचायला किती रोज लागतात, हे जुळलं की खेळणारा आपोआप गावातल्या माणसासारखा वागतो. गाडीची किंमत आधी ठरवून पगार मागून बसवला की हे कधीच जुळत नाही.

सुरुवात वेळेपासून करायची. जीटीए पाचमध्ये गेममधला एक मिनिट खऱ्या दोन सेकंदांचा असतो, म्हणजे गेमचा पूर्ण दिवस ४८ मिनिटांत संपतो. (जुन्या जीटीए सॅन अँड्रियासच्या सर्व्हरवर तो २४ मिनिटांचा, तिथं खालचे हिशेब त्याप्रमाणे बदलायचे.) आता पायाचा आकडा घ्या. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा २०२५-२६चा दर ३१२ रुपये रोज. ४८ मिनिटांना ३१२, म्हणजे १० मिनिटांना ६५ रुपये. पोलीस शिपायाचं सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ७२३, आणि १० मिनिटांना १५०.

फाईव्हएम म्हणजे जीटीए पाचवर स्वतःचे सर्व्हर चालवायची सोय; तिथल्या क्यूबीकोअर या तयार सांगाड्यात पगार मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी पडतो. तिथं पोलीस रिक्रूटला (नव्या भरतीला) ५० आणि चीफला १५० लिहिलेले असतात, बेरोजगाराला १०. आकडा रुपयात वाचला तर रिक्रूटला गेमच्या दिवसाला २४० पडतात. वर्दीतला माणूस रोजगार हमीच्या मजुरापेक्षा कमी कमावतो! आणि मूळ सेटिंगमधला चीफ म्हणजे आपला साधा शिपाई. लोक हे आकडे तसेच ठेवतात, शेतीची स्क्रिप्ट (ते काम चालवणारा कोड) मात्र कुठून तरी वेगळी आणतात आणि ती एका फेरीला दोन हजार देते. मग ठाण्यात कोण बसेल? ईएसएक्स हा दुसरा सांगाडा वापरत असाल तर तिथं मूळ अंतर ७ मिनिटांचं आहे, म्हणून मजुराचे ४५ आणि शिपायाचे १०५ धरा.

सुरुवातीच्या पैशाकडेही बघा. क्यूबीकोअर नव्या कॅरेक्टरला ५०० रोख आणि बँकेत ५,००० देतं. आपल्या प्रमाणात हे साडेसतरा रोज झाले. नवीन कॅरेक्टर बनवायचं, पैसे जुन्याकडे वळवायचे आणि नवीन पुसून टाकायचं, हा धंदा पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. रोख ३०० ठेवा, बँकेत शून्य, आणि बाकी वस्तूत द्या: रेशनचं धान्य, एक विळा, पाण्याची कॅन. वस्तू दुसऱ्याला देता येणार नाही अशी बांधून ठेवा.

खरी अडचण पुढं आहे. जेवण, चहा, पेट्रोल यांचे भाव गावाचे ठेवले तर चालतं. दिवसाचं खाणं १२० रुपये धरलं तर मजुराकडे साधारण १९० उरतात. पण ८०,००० ची मोटारसायकल १९० च्या बचतीतून घ्यायला ४२१ दिवस, म्हणजे ३३७ तास खेळावं लागेल. एवढं कोणी खेळणार नाही. म्हणून टिकाऊ वस्तूंच्या किमती वीसनं भागायच्या. मोटारसायकल ४,०००, म्हणजे मजुराचे २१ दिवस, साधारण १७ तास. सात लाखांचा ट्रॅक्टर ३५,०००, म्हणजे एकट्या मजुराला १८४ दिवस, जवळपास १४७ तास. तो एकट्यानं घेण्याजोगा नसावाच. तिघांनी भागीत घ्यावा, सोसायटीचं कर्ज काढावं, नाहीतर तासावर भाड्यानं आणावा. रोलप्ले या तीन वाटांतूनच तयार होतो.

इथं जवळपास सगळेच एक चूक करतात. गाड्या वीसनं भागल्या आणि कापसाचा भाव तसाच ठेवला तर कास्तकार एका हंगामात ट्रॅक्टरचं शोरूम विकत घेतो. मग कोणीतरी कापसाचा भाव वीसनं भागतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे, तो भागून ४०५ होतो. आता वेचाई किलोला ८ रुपये असेल तर क्विंटलची वेचाईच ८०० झाली. कापूस ४०५ चा आणि वेचणारीला ८०० द्यायचे. कास्तकार मजूर लावणार नाही, स्वतःच वेचेल, आणि मजुराचं काम संपलं.

भागायचं आहे उत्पन्न. हंगाम १८० दिवसांचा असेल तर गेममध्ये तो ९ दिवसांचा करा, खऱ्या वेळेत सव्वासात तास. कोरडवाहू एकरी ७ क्विंटल धरले तर वीसनं भागून ३५ किलो. भाव ८,११० चाच आणि वेचाई ८ रुपयांचीच राहू द्या. बियाणं, खत, फवारणी यांची मात्राही एकरी वीसनं भागा, दर नको. आता पाच एकरवाल्याचा हिशेब बघा. १७५ किलो कापूस, हातात १४,१९० रुपये. वेचाईचे १,४०० गेले. लागवडीचा खर्च ६,००० धरला तर ९ दिवसांत ६,७९० उरले, दिवसाला ७५०च्या आसपास. शिपायाच्या बरोबरीनं. वर पाऊस, गुलाबी बोंडअळी, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांची जोखीम. चारातला एक हंगाम निम्मा जाईल असं ठेवा, म्हणजे सरासरी शिपायाच्या खाली येते. वरचं-खालचं किती हे ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर ठरवा, पण जोखीम काढून टाकू नका. जोखीम नसलेली शेती म्हणजे नुसता पैसे छापायचा कारखाना.

वेचणीचं काम कसं बांधायचं तेही सांगतो, कारण बहुतेक स्क्रिप्टा इथं कंटाळा आणतात. एका बोंडाला एक बटण आणि पाच सेकंदांचं ॲनिमेशन असेल तर माणूस मॅक्रो (आपोआप बटण दाबणारी सोय) लावून झोपी जातो. त्याऐवजी ओळ हे माप घ्या. एका ओळीत अडीच किलो, वेळ तीन मिनिटं. एका दिवसात १६ ओळी, ४० किलो, ३२० रुपये. रोजगार हमीच्या आकड्याशी हे जवळजवळ जुळतं, आणि जुळलंच पाहिजे. दोघी शेजारच्या ओळीत असतील तर वेळ तीनवरून अडीच मिनिटांवर आणा, म्हणजे लोक जोडीनं वेचतील आणि बोलतील. गाठोडं २० किलोचं झालं की धुऱ्यावर नेऊन काट्यावर टाकायचं. वजन काट्यावर सगळ्यांसमोर व्हावं, मेनूत नाही. काट्यावरचा वाद हा चांगल्या रोलप्लेचा माल आहे.

पुढचा टप्पा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि उरलेली घट. भारतात कापसाची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. आपल्या मापात एक कास्तकार १७५ किलो पिकवतो, तेव्हा तिघांचं पीक एकत्र आल्याशिवाय एक गाठ बांधली जात नाही. ह्यातून गाडीवाला, हमाल, अडत्या, जिनिंगवाला असे चार-पाच धंदे आपोआप जगतात, कोणाला वेगळा पगार द्यावा लागत नाही.

पगार न देण्याचा हा मुद्दा नीट समजून घ्या. सर्व्हरमध्ये नवा पैसा कुठून येतो याची यादी करा. वेचणारीला सिस्टिम देते, कास्तकाराला सिस्टिम देते, जिनिंगवाल्याला सिस्टिम देते, तर त्याच कापसावर तीनदा पैसा छापला गेला. नवा पैसा फक्त शेवटच्या टोकाला यावा, जिथं गाठ गावाबाहेरच्या गिरणीला विकली जाते. त्याआधीचा प्रत्येक रुपया एका खेळाडूच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जावा. ईव्ह ऑनलाईन हा अंतराळातला गेम दर महिन्याला आपल्या अर्थव्यवस्थेचा अहवाल काढतं, त्यात पैसा किती ठिकाणांहून आत आला आणि किती ठिकाणी विरला हे वेगळं दाखवलेलं असतं. तेवढं मोठं करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा डेटाबेसमधून सगळ्यांचे रोख आणि बँकेचे आकडे काढा. क्यूबीकोअरमध्ये ते प्लेअर्सच्या टेबलात, ईएसएक्समध्ये युजर्सच्या टेबलात असतात. सरासरी बघू नका, दोन-चार सावकार ती फुगवतात. सगळे आकडे उतरत्या क्रमानं लावून मधला घ्या. हा मधला आकडा महिन्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढत असेल तर पैसा विरायच्या जागा कमी आहेत: पेट्रोल, टायर, दवाखाना, घरपट्टी, ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंग.

विक्रीच्या दोन वाटा ठेवा. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर हमीभाव, पण ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कटती आणि १२च्या वर गेला की माल परत. चुकारा खात्यात, दोन दिवसांनी. दुसरी वाट खेडा खरेदीची: दारात येऊन, रोखीनं, पण भाव हजार-बाराशेनं कमी. ज्याच्यावर देणं आहे तो दारातच विकणार. एवढ्या एका फरकानं सावकार, व्यापारी आणि कास्तकार हे तिन्ही खेळण्याजोगे होतात.

दर दहा मिनिटांनी कोपऱ्यात ‘पगार जमा’ असा संदेश येणं मजुराच्या कॅरेक्टरला अजिबात शोभत नाही. मुकादमाची वही बनवा. हजेरी आणि किलो तिच्यात चढतात, आणि मजुरी बाजाराच्या दिवशी वहीवरून मिळते. बाजाराला खेळाडू ऑनलाईन नसेल तर नाव वहीत राहतं, तो येईल तेव्हा घेईल. नोंद सर्व्हरवर ओळीगणिक सेव्ह झाली पाहिजे. आपल्याकडे लाईन जाते, नेट जातं, आणि पंधराव्या ओळीला डिस्कनेक्ट झालेल्या पोराची दिवसभराची मजुरी उडाली तर तो पुन्हा येत नाही. हजेरीच्या मिनिटांवर पैसे देऊ नका, कामावर द्या. पोलीस आणि दवाखान्यात मिनिटांशिवाय इलाज नाही, तिथं ऑफ ड्युटी पगार बंद ठेवा आणि दहा मिनिटं न हलणाऱ्याला आपोआप ड्युटीवरून उतरवा.

मालकानं मजुरी बुडवली तर? ॲडमिननं मध्ये पडू नये. गावात तंटामुक्त समिती बसवा, वही पुरावा म्हणून ठेवा, ठाण्यात तक्रार होऊ द्या. पहिल्या तीन दिवसांच्या नव्या खेळाडूची मजुरी तेवढी सिस्टिमनं मालकाच्या खात्यातून आधीच बाजूला काढावी, कारण त्याला अजून कोणाकडे जायचं हेही माहीत नसतं.

खऱ्या गावात निंदणाचा बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी असतो. वास्तव हवं म्हणून हा फरक स्क्रिप्टमध्ये लिहिणारे सर्व्हर आहेत, आणि ते मला मुळीच पटत नाही. कॉन्फिगमध्ये (सर्व्हरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) एकच दर असावा. कोणा मालकाला कॅरेक्टर म्हणून कमी द्यायचं असेल तर त्यानं तोंडानं तसं सांगावं, आणि बायांनी काम बंद करून त्याला उत्तर द्यावं.

दोन नंबरच्या धंद्यांचं गणित सगळ्यात जास्त बिघडतं. नदीतली वाळू घ्या. एक फेरी २० मिनिटांची, २,००० रुपये. चारातली एक पकडली जाते: माल गेला, दंड ३,०००, कोठडी २० मिनिटं. चार फेऱ्यांत ६,००० वजा ३,०००, म्हणजे १०० मिनिटांत ३,०००. दिवसाला १,४४०, मजुराच्या साडेचार पट. मग वेचायला कोण जाईल? फेरी १,५०० ची केली की तोच हिशेब ७२० वर येतो, मजुराच्या सव्वादोन पट आणि शिपायाइतका. हे ठीक आहे. पण हा हिशेब पोलीस हजर असतील तेव्हाचा. रात्री दोनला ठाणं रिकामं असलं की पकडायची शक्यता शून्य आणि दिवसाला ३,६०० पडतात. म्हणून ड्युटीवर दोनपेक्षा कमी पोलीस असतील तर वाळू घेणारा येऊच नये. दंडातला वाटा पोलिसाला कधीही देऊ नका. तो दिला की ठाण्याबाहेर फक्त चलान फाडणारे उभे राहतात. दंड सरकारी खात्यात जावा.

गेममधला पैसा खऱ्या रुपयांना विकू नका. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आरपी सर्व्हरसाठी काढलेल्या धोरणात गेममधलं चलन किंवा लूट बॉक्स (आत काय निघेल ते न सांगता विकायची पेटी) खऱ्या पैशाला विकणं नाकारलं आहे. भारतातही २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आहे, म्हणून सर्व्हरवरच्या जुगाराच्या अड्ड्याला खरे पैसे चिकटू देऊ नका.

दर बदलायची वेळ आली तर मजुरीला हात लावायच्या आधी किमतींना लावा, आणि एका वेळी दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका. बदल गेममधल्या हंगामाच्या शेवटी करा, मध्ये नको: ज्यानं जुन्या भावाच्या भरवशावर बियाणं घेतलं त्याचा कापूस अजून शेतात उभा असतो. नवे दर बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर आठवडाभर आधी लावा, आणि तो फलक मॅपवर काट्याच्या शेजारीच ठेवा.