आजीचं एक वाक्य

आज आजीला मेमरी क्लिनिकला नेलं, हल्ली चहा पिऊन दहा मिनिटं होत नाहीत तोवर परत "चहा झाला का रे" विचारते म्हणून. मला धाकधूक, लिहायला वाचायला लावतील नि हिची फजिती होणार, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमच्या घराबद्दल एक वाक्य सांगा." झालं! गळकी कौलं, गोठा, भाऊबंदकी, सगळं निघालं.

नंतर ते म्हणाले स्मरणशक्ती तपासायच्या मूळ अमेरिकन टेस्टमध्ये वाक्य लिहायचं असतं, पण नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या आणि आपल्या संशोधकांनी मिळून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी ती हिंदीत बदलली, नाहीतर न शिकलेला प्रत्येक म्हातारा आजारीच ठरला असता ना. पुढे एम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या अभ्यासातून भारतात 60 च्या वरच्यांत 7.4 टक्के, म्हणजे साधारण 88 लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचा अंदाज आला. 88 लाख! आणि आम्ही "वयाचं आहे" म्हणत वर्ष घालवलं, चूकच.

एमआरआय मंगळवारी. रिक्षात आजी हळूच म्हणते, "तो पोरगा आपलं घर घ्यायला बघतोय का रे?"