घडव्यांच्या अंगणातली शिल्पकार

मंगळवार, रात्री

आज पुन्हा मीरा मुखर्जींच्या कामाचे फोटो काढून बसले. १९५३ ते ५६ म्युनिकला शिल्पकला शिकलेली ही बाई. परत येऊन काही वर्षं शाळेत कला शिकवते आणि मग धातूकाम शिकायला कुणाकडे जाते, तर बस्तरातल्या घडव्यांकडे, म्हणजे पिढीजात पितळ ओतणाऱ्या कारागिरांकडे! मला हेवा वाटतो तो या वळणाचा.

घडव्यांचं ओतकाम वेळखाऊ. आधी मातीचा गाभा. मग मेणात राळ मिसळून, सोऱ्यातून शेव पाडावी तसे त्याचे बारीक दोर काढायचे आणि गाभ्यावर एकाला एक खेटून गुंडाळायचे. वरून पुन्हा माती. आचेने मेण वितळून जातं, त्या पोकळीत पितळ भरतं. साचा फोडावाच लागतो, म्हणजे दुसरी मूर्ती हवी तर पुन्हा मातीपासून सुरुवात. मीरा मुखर्जींनी ही रीत भल्यामोठ्या शिल्पांपर्यंत नेली. तुकड्यातुकड्यांनी ओतायचं, मग सांधायचं. दिल्लीच्या मौर्य हॉटेलातला त्यांचा कलिंगचा अशोक अकरा फुटांहून उंच आहे. कानशीने घासून सगळं गुळगुळीत करायचा सोस नाही. त्यांच्या विणकरांच्या, मजुरांच्या अंगावर मेणाच्या रेघा तशाच दिसतात.

शिक्षण सगळं कलेचं, तरी १९६१ ते ६४ या काळात भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासाठी त्यांनी देशभरच्या धातू कारागिरांचा अभ्यास केला. त्यावरचं पुस्तक १९७८ साली आलं. सर्वेक्षण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रकाने भरणारे साहेब येतात. इथे विचारणारीचेच हात मेणाने माखलेले. माती कुठली, राळ किती, भाता कधी थांबवायचा, हे ज्याला स्वतःला ओतायचंय तोच खोदून विचारणार. आम्हाला कॉलेजात एक सर बजावायचे, 'आधी ठरवा, कलावंत व्हायचंय की अभ्यासक!' असो.

खटकतं ते वेगळंच. मीरा मुखर्जींचं एखादं ब्राँझ आज लिलावात कोटीच्या घरात जातं, आणि घडव्याने केलेल्या बैलासाठी आपण प्रदर्शनात दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो. यात बाईंचा दोष नाही. त्यांनी तर या लोकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पण एकाला गॅलरी आणि दुसऱ्याला स्टॉल, ही वाटणी चालूच आहे. घडव्यांपैकी कोंडागावचे जयदेव बघेल यांच्यासारखा एखादाच नावाने ओळखला जातो. उद्या ग्रंथालयात त्यांच्यावर काही मिळतं का बघते.